अक्काच्या गोळ्या

(जळगावच्या एका खाजगी दवाखान्यातले ड्रेसर रामदास यांनी सांगितलेली हकिगत. शक्य तेवढी त्यांच्याच बोलण्यात ठेवली आहे.)

आमचं गाव यावलकडचं. तिथून सातपुडा दिसतो, पण आमच्या शिवारात जंगल नाही, बठ्ठी, म्हणजे सगळी, केळीच केळी. बाप दुसऱ्याच्या बागेत मोट हाकायचा. आई मी चार वर्षांचा असताना गेली, कशानं गेली हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, ताप आला आणि गेली एवढंच. मग मला वाढवलं ते अक्कानं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, यशोदा तिचं नाव, पण सगळा गाव तिला अक्काच म्हणायचा, वयानं मोठे असलेलेसुद्धा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. बारा वर्षांची पोर, कडेवर मी आणि डोक्यावर हंडा, असं तिचं बालपण गेलं, त्याला बालपण म्हणायचं तर. हाडापेरानं बारीक, चेहरा लांबट, आणि बोलायला अशी फटकळ की बापसुद्धा तिच्यापुढे हळू बोलायचा. तिचं लग्न रावेरजवळच्या खेड्यात झालं, मी तिच्या बैलगाडीमागे पळत गेलो, तर तिनं गाडीतून वाकून मला काय म्हणावं, रामा, आधी नाक पूस, मग रड.

चौथी झाल्यावर गावात पुढची शाळा नव्हती. दोन-तीन वर्षं केळीत राबलो, मग जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो. तिथं यंत्रात हात गेला, हे बघा, ही दोन बोटं अजून वाकत नाहीत. मला आणलं ते ह्या डॉक्टरसाहेबांकडे. साहेब तेव्हा नवीनच मुंबईहून शिकून आले होते, दवाखान्याला रंगसुद्धा लागलेला नव्हता. त्यांनी माझा हात शिवला आणि मी तो शिवताना सगळा वेळ बघत होतो, तोंड फिरवलं नाही, ते त्यांना आवडलं असावं. म्हणाले, जिनिंगमध्ये आता तुला कोण घेणार, इथंच राहा. त्याच साली स्वातंत्र्य आलं. दवाखान्यात पेढे वाटले ते मी डाव्या हातानं घेतले.

ड्रेसर म्हणजे काय, तर जखमा धुवायच्या, गळू कापल्यावर पट्टी बांधायची, भाजलेल्याची कातडी साफ करायची, हत्यारं उकळायची. साहेबांच्या हाताखाली मी हे शिकलो आणि चांगलं शिकलो, खोटं कशाला बोलू. पण काय सांगू तुम्हाला, शिकलेल्या माणसाजवळ राहिलं की आपण शिकलो असं वाटायला लागतं. गावी गेलो की ओट्यावर रांग लागायची. कुणाचं खरूज, कुणाच्या टाचेत काटा, कुणाचं तोंड आलेलं. मी पिशवीतून बाटल्या काढायचो. लोक डॉक्टरच म्हणायचे. पहिल्या दुसऱ्या वेळेला मी म्हणालो, नाही हो, मी ड्रेसर आहे. नंतर म्हणायचं सोडून दिलं.

आता अक्काचं सांगतो. चार वर्षं झाली. तिचं तोंड आलं. आतून, गालाला, टाळूला, फोड यायचा, फुटायचा आणि तिथं सोललेलं राहायचं. मी रावेरला गेलो होतो तेव्हा तिनं दाखवलं. मी म्हटलं, उष्णता आहे, जाग्रण झालं असेल, आणि ते जांभळं औषध असतं ना, ते कापसानं आतून लावलं. तिची जीभ, दात, ओठ सगळं जांभळं झालं आणि माझी भाची कमळ हसायला लागली, आई, तू जांभळं चोरून खाल्लीस का? अक्काही हसली, हसताना तिला दुखलं ते मी बघितलं. पुढच्या खेपेला गेलो तर तसंच. मी ग्लिसरीन दिलं. पुन्हा गेलो, तसंच. तिला भाकर खाता येईना, ठेच्याचं नाव काढता येईना, दूधभात गिळायची. तिची जाऊ शेजारीच राहायची, ती ओट्यावरून म्हणायची, दूधभात खायले लागली, आता पाळणाबी बांधायचा का तुम्हाले? अक्का तिला सोडणारी नव्हती, म्हणाली, बांध, पण झोका तुलेच द्यावा लागीन.

सात महिने असं चाललं. मेव्हण्यांनी एकदा विचारलं, एखाद्या डॉक्टरला दाखवू का? अक्का म्हणाली, घरचा डॉक्टर असताना बाहेरचा कशाले? आणि मी तिथंच बसलेलो होतो. मला बरं वाटलं होतं, हो, बरंच वाटलं होतं.

मग एक दिवस निरोप आला की अक्काला देवी आल्या. मी गेलो. तिला आतल्या खोलीत ठेवलेलं, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या, घरात फोडणी बंद, कुणी कपडे धूत नव्हतं. मी पदर बाजूला केला आणि माझ्या लक्षात आलं की ह्या देवी नव्हेत. देवी मी बघितल्यात, त्या सगळ्या एका वयाच्या असतात, टणक असतात. हे पाण्यानं भरलेले ढिले फोड, लिंबाएवढे, काही फुटून गेलेले आणि तिथली कातडी लुगड्याला चिकटून आलेली. ताप नव्हता. अक्का भिंतीपासून दूर, अशी मांडी घालून बसलेली, टेकता येत नव्हतं. म्हणाली, रामा, ही देवी मोठी खट्याळ शे बरं, आधी तोंडात शिरली.

तोंडातलं आणि हे एकच आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

तिला आगगाडीनं जळगावला आणली, रावेरपासून उभीच, बसता येईना. साहेबांनी बघितलं. पाठीवर एक जागा चांगली होती, फोड नव्हता, तिथं त्यांनी अंगठा टेकवला आणि जरा जोर देऊन बाजूला सरकवला. कातडी सरकली. दुधावरची साय बोटानं सरकवावी तशी. मी नऊ वर्षं जखमा धुतल्या होत्या पण असं बघितलं नव्हतं. मग त्यांनी एक फोड उघडला, तळातून खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, सुरुवात तोंडातून झाली? हो. किती महिने? सात. औषध कुणाचं होतं? मी म्हटलं, माझं. साहेबांनी वर बघितलं. रागावले नाहीत. सात महिने, एवढंच म्हणाले, आणि पेन खाली ठेवलं.

त्या रोगाला पेम्फिगस म्हणतात. हे नाव मी पाठ केलं. साहेब म्हणाले, कातडीच्या थरांना एकमेकांशी धरून ठेवणारं जे असतं ते सुटतं. केळीच्या खांबाचे पदर आपण सोलतो तसं मला ते दिसलं. म्हटलं, कशानं होतं? म्हणाले, ते अजून जगात कुणालाच माहीत नाही. पाप नाही, देवी नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मी शिकत होतो तेव्हा मुंबईला असे दोन रोगी बघितले, दोघंही गेले, तेव्हा आम्ही नुसतं बघायचो. आता गोळी निघाली आहे. मुंबईहून मागवावी लागेल.

गोळी यायला वेळ लागला. तोवर अडचण अशी की तिला निजवायचं कशावर? चादर चिकटायची, कापूस चिकटायचा, पट्टी चिकटायची. पट्टी सोडवताना अक्का ओरडायची नाही, माझ्या वाकलेल्या बोटांकडे बघत राहायची. आधी मी फोड दिसला की कापून साफ करायचो, ती आमच्या हाताची सवय, भाजलेल्याला तसंच करतात. साहेबांनी थांबवलं, म्हणाले, वरची कातडी ठेव, तेच तिचं पांघरूण आहे. मग मला केळीची आठवण झाली. म्हटलं, साहेब, केळीचं कोवळं पान चिकटणार नाही. ते म्हणाले, आण बघू. आमच्या गावाहून चुलतभाऊ सकाळच्या यष्टीनं पानं पाठवायचा, अजून न उघडलेली सुरळी, ती उघडायची, उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा आणि त्यावर अक्काला निजवायची. कंडक्टर रोज टपावरून भारा उतरवताना म्हणायचा, काय हो ड्रेसर, जळगावात रोज कुणाची पंगत आहे? एक दिवस मी त्याला खरं सांगितलं. तेव्हापासून तो भारा स्वतः दवाखान्यापर्यंत आणून द्यायला लागला. ह्या सगळ्या हकिगतीत माझ्या हातून बरोबर घडलेली एवढी एकच गोष्ट, ती पानं.

गोळ्या आल्या. पांढऱ्या, बारीक, दिसायला अगदी साध्या. दिवसाला सोळा. मीठ बंद, तिखट बंद, दूध जास्त. आठ-दहा दिवसांत नवीन फोड येणं थांबलं. महिन्यानं पाठ वाळली. दोन महिन्यांनी अक्कानं भाकर खाल्ली, अळणी का होईना, आणि खाताना रडली. मेव्हण्यांनी साहेबांच्या पायाला हात लावला. साहेबांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या, सोळाच्या बारा, बाराच्या आठ, आणि म्हणाले, आता घरी गेली तरी चालेल, रामदासची बहीण आहे, तो बघेल. माझ्या भरवशावर सोडलं तिला.

आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. शब्दन् शब्द आठवतो. म्हणाले, हे जे औषध आहे ते आपल्या अंगातही थोडं थोडं तयार होत असतं. आपण बाहेरून एवढं दिलं की आतला कारखाना बंद पडला आहे. तो चालू व्हायला महिने लागतात. म्हणून एक दिवससुद्धा एकदम तोडायचं नाही. फोड परत येतील ते वेगळंच, पण त्याआधी माणूसच कोसळेल. समजलं? मी म्हटलं, समजलं. आणि समजलं होतं हो. मला समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, तीच तर गोष्ट आहे.

त्या गोळ्यांनी तोंड सुजतं. सूज म्हणजे पाणी नव्हे, चेहरा गोल होतो, गाल वर येतात, मानेमागे मांस चढतं, बायकांना ओठावर लव येते. सुरुवातीला गाव म्हणायचा, जळगावचं पाणी मानवलं, अक्का भरली. आमच्याकडे गोल चेहरा म्हणजे तब्येत. जाऊ म्हणायची, आता कोण म्हणेल आजारी होती. पण तो चेहरा थांबला नाही. लांबट चेहऱ्याची अक्का, तिचे डोळे बारीक झाले, हनुवटीवरचं गोंदण ताणून पसरलं. आणि मग दुसरी कुजबुज निघाली. अंगावर काळे डाग होतेच, चेहरा असा चढलेला, लोक म्हणायला लागले, महारोग तर नव्हे?

त्याच वर्षी कमळचं लग्न ठरलेलं. मुलगा सावद्याकडचा, घर चांगलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, अठरा दिवसांनी तिथी.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तुम्हाला माहीतच आहे. बाप गेलेला, तेव्हा अक्काचं माहेर म्हणजे मी. मी दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो. अक्का कमळला घेऊन आली. दारच्या कडुलिंबाला झोका बांधला होता. दुपारी गौराई घेऊन बाया नदीवर गेल्या, अलीकडे आमच्या गावच्या, पलीकडे शेजारच्या गावच्या, आणि रीतच आहे की दोन्हीकडून गाण्यात एकमेकींना शिव्या द्यायच्या, कुणी मनावर घ्यायचं नसतं. अक्का लहानपणी त्यात पहिली असायची, पलीकडच्या बाया तिला भ्यायच्या. ह्या वर्षी ती पुढं झाली आणि पलीकडून कुणीतरी गाण्यातच टाकलं, फुगलेल्या तोंडाची, रोगाच्या अंगाची, हिची लेक कोण नेणार. सगळ्या हसल्या, कारण हसायचंच असतं. पण त्या घोळक्यात कमळच्या नवऱ्यामुलाची आत्या होती. ती हसली नाही. तिनं कमळकडे बघितलं.

अक्का घरी आली ती झोक्यावर बसली नाही. माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, रामा, ह्या गोळ्या बंद कर. म्हटलं, अक्का, नाही जमणार. म्हणाली, लगीन लागेपर्यंत. अठरा दिवस. लगीन लागलं का तू देशील तेवढ्या खाईन, मूठभर खाईन. म्हटलं, साहेबांनी निक्षून सांगितलंय. म्हणाली, हे तोंड माह्यं नही रे. त्या बाईनं कमळकडे कसं पाह्यलं, तू पाह्यलं नही. उद्या तिनं घरी जाऊन सांगितलं, तर पोरीचं काय? मी म्हटलं, मी त्यांना समजावून सांगतो, मी दवाखान्यातला माणूस आहे. तर म्हणाली, तू ड्रेसर शे. लोक तुले डॉक्टर म्हणता ते चांगुलपणानं.

मग ती म्हणाली, अगदी हळू, तिचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता, आखाजीले आलेल्या बहिणीले तू काय देशील? लुगडं नको मले. आजवर मी काही मागितलं नही.

आणि ते खरं होतं. तिनं कधी काही मागितलं नव्हतं.

मी काय केलं सांगतो. मी हिशेब घातला. अर्धवट ज्ञानाचा माणूस हिशेब फार लवकर घालतो. म्हटलं, आठच्या चार करू, चार दिवसांनी दोन, मग एक, मग बंद, एकदम तोडलं असं तर होत नाही. लग्न झालं की पुन्हा आठ. साहेबांना सांगायची गरज नाही, ते उगाच रागावतील. दहाव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या.

आणि चेहरा काही उतरला नाही हो. एवढ्या दिवसांत उतरतच नाही तो, महिने लागतात. ते मला माहीत नव्हतं.

लग्न झालं. आत्या आली होती, मुकाट्यानं जेवून गेली. अक्का उभी होती, पण लग्नाच्या आदल्या दिवसापासून तिला ओकाऱ्या होत होत्या, पाय लटपटत होते. सगळे म्हणाले, ऊन आहे, वैशाख आहे, दगदग झाली. मीही म्हणालो. कांद्याचा रस लावा म्हणालो. कमळला वाटे लावताना अक्का तिच्या खांद्यावर टेकली, लोकांना वाटलं, रडते आहे. तिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाठीवर फोड आले. मी गोळ्या दिल्या, उलटून पडल्या. चौथ्या दिवशी दुपारी तिला मोटारीत घालून जळगावला आणली, हातपाय गार, डोळे अर्धे उघडे.

साहेबांनी नाडी धरली. धरली आणि लगेच माझ्याकडे बघून विचारलं, रामदास, गोळ्या चालू होत्या ना?

मेव्हणे शेजारी उभे होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं, अक्कानं त्यांना सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हो साहेब. म्हणाले, रोज? म्हटलं, रोज. एकही दिवस चुकला नाही? नाही साहेब.

का म्हणालो ते मी तीन वर्षं शोधतो आहे. नोकरीची भीती होती, मेव्हण्यांची भीती होती, साहेबांच्या नजरेतून उतरायची तर फारच. आणि मनात असंही आलं की आधी उपचार होऊ देत, मग सांगू सावकाश. मला कळलंच नाही की साहेब मला दोष द्यायला विचारत नव्हते, औषध ठरवायला विचारत होते. माझं उत्तर हेच त्या घडीला अक्काचं औषध होतं आणि ते मी खोटं दिलं.

गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर साहेबांनी कारण दुसरीकडे शोधलं. त्यांना वाटलं, जखमांतून विष रक्तात गेलं. पेनिसिलीन दिलं, सलाइन लावलं, त्यांना जे करता येईल ते सगळं केलं. मी पानं पसरली. अक्कानं एकदा डोळे उघडले आणि मला विचारलं, कमळ सुखात शे का? म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ती गेली. साहेबांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं आणि मला वाचून सांगितलं, औषध नियमित चालू असताना रोग उलटला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस.

तो हात अजून आहे इथं.

मी काम करत राहिलो. सांगेन सांगेन म्हणत दीड वर्ष गेलं. मग धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली बाई आली, हिराबाई नाव, नवरा बरोबर. तिकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. तोंडात फोड, छातीवर चार-सहा. साहेबांनी अंगठा सरकवला आणि मी बघायच्या आधीच मला कळलं. ती माझा हात धरून म्हणाली, भाऊ, मन्हा तोंडमा बठ्ठं जळस, मी मरसू का?

साहेब आत येऊन बसले. म्हणाले, तेच आहे. पण ह्या वेळी मी थोड्या गोळ्यांवरच ठेवणार. तुझ्या बहिणीला भरपूर दिल्या, नियमित दिल्या, शेवटी औषधानं दगा दिलाच. मग इतकं जहर औषध एवढं कशाला द्यायचं? थोडं देऊन बघू, नाही तर देव आहे.

मी हत्यारं उकळायला ठेवली होती. तिथं जाऊन उभा राहिलो. पाणी उकळून उतू गेलं, स्टो विझला. तेव्हा मी परत आत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आखाजी, नदी, आत्या, आठाच्या चार, चाराच्या दोन. सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं, बंद कोणत्या दिवशी झाल्या? सांगितलं. ओकाऱ्या कधी सुरू झाल्या? तेही सांगितलं. त्यांनी कपाटातून अक्काचा जुना कागद काढला आणि ती ओळ खोडली, आणि खाली पुष्कळ वेळ लिहीत बसले. मी म्हटलं, साहेब, त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी खरं बोललो असतो तर? साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, रामदास, ते मला विचारू नकोस.

मग मला जे कळायचं ते कळलं.

मला वाटलं, काढून टाकतील. नाही काढलं. म्हणाले, हिराबाईला सोळा गोळ्या लिहिल्या आहेत, तुझ्या हातानं द्यायच्या. पण त्या दिवसापासून औषधाच्या कपाटाची किल्ली ते स्वतःकडे ठेवतात, आधी माझ्याकडे असायची. मी कधी विचारलं नाही. बरोबर आहे त्यांचं.

कमळला मी मागच्या वर्षी सांगितलं. मला वाटलं, लपवलं तर तो दुसरा गुन्हा होईल. तिला मूल झालेलं, मी बघायला गेलो होतो. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, म्हणजे माह्या लग्नासाठी? मी म्हटलं, तसं नाही बाई. पण तसंच होतं ना. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि नवऱ्याच्या घरातही म्हणे गप्प असते. आता वाटतं, तिला सांगायला नको होतं. साहेबांना सांगायचं होतं ते वेळेवर सांगितलं नाही, आणि जिला सांगायचं नव्हतं तिच्या गळ्यात घातलं. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून. एवढ्याही बाबतीत मला वेळ कळली नाही.

आता कुणी तोंड आलं म्हणून ओट्यावर आलं की मी विचारतो, किती दिवस झाले? पंधरा दिवसांच्या वर म्हणाला की बाटली काढतच नाही, जळगावला चल म्हणतो. गावात हसतात. म्हणतात, रामदास पहिले बरा होता, औषध तरी द्यायचा, आता नुसता भेडसावतो. हसू देत.

हिराबाई आहे. आता पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश ही नावं जाऊन जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा म्हणायचं म्हणतात, तर ती धुळे जिल्ह्यातून दर महिन्याला इकडे येते. सोळाच्या तीन झाल्यात, पण तीन अजून आहेत. चेहरा तसाच गोल, ओठावर लव. गेल्या आठवड्यात आली ती चिडूनच आली. म्हणाली, भाऊ, मन्हं तोंड भोपयासारखं व्हई गयं, पोरं हसतस, आते तरी बंद कर. मी म्हटलं, नाही. म्हणाली, पुतन्याचं लगन शे, पंधरा दिवस फक्त. मी म्हटलं, नाही. तिनं हात जोडले, मग रडली, आणि मग सुटली, काय काय म्हणाली ते लिहू नका. तू मन्हा भाऊ नई शेस, कसाई शेस, असं सगळ्या दवाखान्यासमोर म्हणाली. बाहेर बसलेले लोक वळून बघायला लागले. मी पेला पुढं केला. म्हटलं, बाई, शिव्या दे, मी इथंच आहे, पण आजच्या तिन्ही गोळ्या माझ्यासमोर घे. तिनं घेतल्या, माझ्याकडे रागानं बघत घेतल्या, पेला आपटला आणि धुळ्याची गाडी गाठायला तरातरा निघाली, रस्त्यानंही बडबडतच.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. देव तिला भरपूर आयुष्य देवो. आणि दर महिन्याला येऊन मला अशाच शिव्या देईल एवढा दम तिच्या छातीत राहो.